निनटेन्डो पार्टनर शोकेस पाहिला का? थर्ड पार्टी गेमांवर गप्पा (खान्देशी मंडळींनी इथे जमावे)

तापीकाठचा | ३१ जुलै २०२५, रात्री ८:१०

निनटेन्डोचा नव्या गेमांचा हा ऑनलाइन शो संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला आणि सात वाजायच्या आत आटोपलासुद्धा. पंचवीसेक मिनिटांचा मामला. आज फक्त बाहेरच्या (थर्ड पार्टी) कंपन्यांचे गेम दाखवणार हे आधीच जाहीर केलं होतं, तरी चॅटमध्ये अर्धी जनता निनटेन्डोच्या घरच्या मारिओच्या नावाने कोकलत होती. त्यांना कोण समजावणार.

आमच्या गल्लीत नेमकी सहालाच लाईट गेली. मोबाईलवर, डेटा जाळत पाहिला. त्यामुळे ग्राफिक्सबद्दल मी काही बोलणार नाही, गेमांबद्दल बोलतो.

खरोखर नवीन म्हणावं असं सगळ्यात चांगलं काय, तर 'द ॲडव्हेंचर्स ऑफ एलियट'. स्क्वेअर एनिक्सच्या ज्या टीमने ऑक्टोपॅथ केला तिचाच. दिसायला तसाच, जुन्या पिक्सेलची माणसं आणि मागे झगझगीत थ्रीडी देखावा, पण यात पाळीपाळीने वार करायची भानगड नाही, थेट तलवार काढून मारामारी. येणार २०२६ मध्ये, पण डेमो आजच टाकलाय. तो फक्त स्विच २ वर, म्हणजे निनटेन्डोच्या नव्या मशीनवर. दुसरा 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर ०', ४ डिसेंबरला. 'मॉन्स्टर हंटर स्टोरीज ३' पुढच्या वर्षी. आणि 'वन्स अपॉन अ कातामारी' २४ ऑक्टोबरला, तो मी डोळे झाकून घेणार.

बाकी सगळी फोडणीची पोळी. पर्सोना ३ रीलोड बाकीच्या मशीनवाल्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्येच खेळून संपवला, आपल्याला २३ ऑक्टोबरला मिळणार. स्टार वॉर्स आउटलॉज मागच्या ऑगस्टचा. याकुझा किवामी म्हणजे २००५ च्या गेमचा २०१६ मधला रिमेक, तो नोव्हेंबरात. प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज तर २००९ चा! आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर पाठमोरे झाले की सूर्यफुलं लावायचो आम्ही, तोच हा.

तर सांगा, कोणाला काय आवडलं. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे स्विच २ आहे कोणाकोणाकडे?

पिंप्राळ्याचा_पोऱ्या | ३१ जुलै, रात्री ८:२६

पर्सोना!!! दादा, तुम्ही त्याला फोडणीची पोळी म्हणा नाहीतर काही म्हणा, मला फोडणीची पोळी ताज्या पोळीपेक्षा जास्त आवडते.

ऐंशी-शंभर तासांचा गेम टीव्हीसमोर बसून कोण खेळू देतं घरात? सातला बाबांच्या बातम्या, साडेसातपासून आईच्या मालिका, दहानंतर आवाज नको. हातात धरून गच्चीवर खेळता येईल असा पर्सोना ३ पाहिजे होता, तो आला. बाकी शो गेला उडत.

शेवभाजी_तर्री_जास्त | ३१ जुलै, रात्री ८:३१

फुटबॉलचा एफसी २६ दाखवला का? तेवढंच सांगा. बाकीचं जपानी काही कळत नाही.

तापीकाठचा | ३१ जुलै, रात्री ८:३३

दाखवला. २६ सप्टेंबर. स्विच २ वर पण त्याच दिवशी.

शेवभाजी_तर्री_जास्त | ३१ जुलै, रात्री ८:३४

बस. गुड नाईट.

खापरावरचे_मांडे | ३१ जुलै, रात्री ९:०२

तुमची चर्चा वाचून हसू आलं आणि जरा बरंही वाटलं. मी वयाने तुमच्या काकांच्या पिढीतला, चोपड्याचा.

थर्ड पार्टी, थर्ड पार्टी म्हणून नाकं मुरडता, पण आपल्याकडे निनटेन्डो आला तोच मुळी थर्ड पार्टीच्या खांद्यावर बसून. आणि तोही डुप्लिकेट. नव्वदच्या दशकात जळगावच्या बाजारातून आणलेला तो पांढरा-लाल डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. आत खरे गेम दहा-बारा, तेच पुन्हा पुन्हा. त्यात आपण काय खेळायचो आठवा. काँट्रा, म्हणजे कोनामीचा. तो टँकचा गेम, ज्यात खाली आपला गरुड वाचवायचा, तो नामकोचा १९८५ चा बॅटल सिटी. बॉम्बरमॅन आणि कुऱ्हाडी फेकत धावणारा टोपीवाला, दोन्ही हडसनचे. निनटेन्डोचे स्वतःचे म्हणावे तर मारिओ आणि बदकांचा गेम. दुपारभर रिमोट घामाने चिकट व्हायचा तो काँट्रामुळे, मारिओमुळे नव्हे.

आज कातामारी दाखवला तो त्याच नामकोचा, आता बांदाई नामको म्हणतात.

पुढे निनटेन्डोने या मंडळींना दुखावलं हेही खरं. १९९६ मध्ये एन६४ हे मशीन काढलं तेव्हा सगळे सीडीवर गेले होते आणि हे कॅसेटलाच चिकटून बसले. कॅसेट महाग आणि जागा कमी. स्क्वेअरने फायनल फँटसी ७ उचलला आणि १९९७ मध्ये तीन सीड्यांवर सोनीच्या प्लेस्टेशनवर आणला. तिथून जी पांगापांग झाली ती स्विचच्या आधीच्या वी यू या मशीनपर्यंत. वी यू सगळा मिळून दीड कोटीही खपला नाही, त्यावर गेम कोण काढणार? पहिला स्विच पंधरा कोटींवर गेला तेव्हा सगळे परत दारात आले. आजचा शो म्हणजे त्या परत आलेल्या पाहुण्यांची यादी. शिळं आणलंय का ताजं, ते बघू. आलेत हे महत्त्वाचं.

तापीकाठचा | ३१ जुलै, रात्री ९:१०

काका, टोपी काढली तुमच्यापुढे. काँट्राचा जपानशी काही संबंध आहे हेच मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

धुळेकर_साक्री_रोड | ३१ जुलै, रात्री ९:४४

काका बोलले ते सगळं कबूल. पण त्या पिवळ्या कॅसेटमध्ये गेम होता की नाही? डुप्लिकेट का असेना, पण आत होता. खोचली, फुंकर मारली, सुरू.

आता या शोमधले कितीतरी गेम 'गेम-की कार्ड' म्हणून येणार. म्हणजे डबा घ्यायचा, कार्ड घ्यायचं, आणि कार्डात गेम नाहीच. फक्त किल्ली. कार्ड खोचायचं, मग इंटरनेटवरून पूर्ण गेम उतरवायचा, आणि खेळताना कार्ड खोचलेलं पाहिजे ते पाहिजेच. पर्सोना ३ तसाच. आउटलॉज तसाच. जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेसुद्धा परवा सांगून टाकलं की आम्ही ही कार्डं संग्रहात घेणार नाही, कारण त्यात मजकूरच नाही. जे जपानच्या ग्रंथालयाला चालत नाही ते मी साक्री रोडला बसून पैसे मोजून घेऊ?

आणि कोणी 'कार्ड मोठं परवडत नाही' वगैरे सांगू नका. सायबरपंक २०७७ अख्खा ६४ जीबीच्या कार्डात दिलाच ना सीडी प्रोजेक्टने? ज्याला द्यायचं तो देतो.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या | ३१ जुलै, रात्री ९:५१

भो, पण डिजिटल घेण्यापेक्षा तर बरं ना. की कार्ड दुसऱ्याला देता तरी येतं.

धुळेकर_साक्री_रोड | ३१ जुलै, रात्री ९:५३

आज देता येतं. पंधरा वर्षांनी सर्व्हर बंद केल्यावर काय देणार, प्लास्टिक?

निवांत_नंदुरबार | ३१ जुलै, रात्री १०:०५

दखा भो, मी सरळ सांगस. मना खिसामा पैसा नही, त्यामुये मले सर्वा गेम चांगलाच वाटतस. 😄

सिरियसली बोलायचं तर स्विच २ निघाला तेव्हाची अमेरिकेतली किंमत ४४९.९९ डॉलर, म्हणजे साधारण ३९ हजार. भारतात निनटेन्डो अधिकृतपणे विकतच नाही, म्हणून दुकानदार सांगेल तो भाव, आणि बिल मागितलं तर तो दुसरीकडे बघतो. पहिला स्विच मी असाच घेतला. तीन महिन्यांत डावा जॉय-कॉन (बाजूचा रिमोट) आपोआप एका बाजूला सरकायला लागला. वॉरंटी विचारली तर म्हणे, "इंटरनॅशनल आहे." इंटरनॅशनल म्हणजे कुठली, हे त्या भल्या माणसाने अजून सांगितलेलं नाही.

उधना_ते_अमळनेर | ३१ जुलै, रात्री ११:२०

कंपनीतून आत्ता आलो. माझ्याकडे स्विच २ आहे (आतेभाऊ दुबईहून घेऊन आला), म्हणून दोन-तीन गोष्टी वापरून सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

एक तर धुळेकर, तुमचा राग बरोबर, पण सगळा नाही. की कार्ड तुमच्या खात्याला बांधलेलं नसतं. मी खेळून तुम्हाला दिलं की ते तुमच्या मशीनवर चालतं. इंटरनेट लागतं ते पहिल्यांदा उतरवताना. नंतर नेट बंद असलं तरी कार्ड आत असलं की गेम सुरू. डिजिटल घेतलेल्या गेमचं असं होत नाही, तो खात्यावर घेतला की तिथेच राहिला. आणि आपल्याकडे डिजिटल घेणं म्हणजे काय द्राविडी प्राणायाम आहे ते सगळ्यांना माहीत आहे. भारताचं ई-शॉप (निनटेन्डोचं ऑनलाइन दुकान) नाही. खातं अमेरिकेचं करा, आपल्या बँकेचं कार्ड ते बहुतेक वेळा घेत नाही, मग गिफ्ट कार्ड शोधा, त्यावर कोणीतरी वर पैसे लावणार.

पण त्रास कुठे आहे सांगतो. जागा. मशीनमध्ये २५६ जीबी. ऐकायला खूप वाटतं. चार मोठे गेम उतरवले की पाचव्यासाठी कोणाला तरी काढायची वेळ येते. आणि पहिल्या स्विचचं मेमरी कार्ड यात गेम ठेवायला चालत नाही, त्यातून फक्त जुने फोटो-व्हिडिओ काढून घेता येतात. नव्या प्रकारचं मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं, आणि त्याचा भाव ऐकून मी दुकानातून बाहेर येऊन पाणी प्यालो.

आणि वेळ. सुरतेला माझं नेट ठीक आहे. पण गावाला आमच्याकडे ४० एमबीपीएस म्हणून घेतलेलं आहे. ६४ जीबीचा गेम पूर्ण ४० मिळाले तर साडेतीन तासांत उतरायला हवा. पूर्ण ४० कधी मिळतात? राऊटर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलाय, कारण घरात दुसरीकडे कुठेच नीट पोचत नाही. रात्री लावायचं, सकाळी बघायचं, आणि मध्ये लाईट गेली असेल तर जिथे थांबलं तिथून पुढे.

त्यामुळे माझा हिशेब असा: छोटे गेम डिजिटल, अख्खा गेम कार्डात असेल तर लगेच घ्यायचा, आणि की कार्ड स्वस्तात जुनं मिळालं तरच.

आता शोबद्दल. मला बॉर्डरलँड्स ४ ची हाव आहे. ३ ऑक्टोबर तारीख सांगितली. बाकीच्या मशीनवर १२ सप्टेंबरला येतोय, म्हणजे तीनच आठवडे मागे. फोडणीच्या पोळीवाल्यांनी हे लक्षात घ्यावं. बाहेरच्या कंपन्यांची आपल्याकडची गाडी बाकीच्यांच्या मागे किती मिनिटांनी सुटते हे बघायचं असेल तर हाच गेम बघा.

शनिवारी कानबाईच्या सणासाठी गावाला येतोय. मशीन घेऊन येतो. एलियटचा डेमो उतरवून ठेवतो. अमळनेरातल्या कोणाला बघायचा असेल तर या.

दोन_पोरांची_आई | १ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मी फक्त वाचत असते, आज लिहिते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. घरी जुना स्विच आहे. या यादीत आमच्यासाठी काही आहे का? मारामारी नको, आणि मला त्यांच्या शेजारी बसून बघायला कंटाळा यायला नको.

तापीकाठचा | १ ऑगस्ट, सकाळी ८:०२

ताई, कातामारी. शंभर टक्के कातामारी. आणि तो जुन्या स्विचवरच येतोय.

एक चिकट गोळा असतो, तो ढकलत फिरायचं. आधी पिना, टाचण्या, खोडरबर चिकटतात. गोळा मोठा झाला की चपला, मांजर, सायकल. मग दुकान, झाडं, इमारती. बस, एवढाच गेम. २००४ पासून चालू आहे आणि अजून कोणाला त्याची नक्कल धड जमली नाही. मांजर चिकटते तेव्हा ओरडते, तुमची पोरं गडाबडा लोळतील. सहा वर्षांच्या मुलाला सुरुवातीला दोन्ही काड्या एकदम ढकलायला अवघड जाईल, मुलगी शिकवेल त्याला.

झॉम्बीजवाला पण चालेल. ते झॉम्बी अगदीच बावळट आहेत, पोरं घाबरत नाहीत.

दोन_पोरांची_आई | १ ऑगस्ट, सकाळी ८:२०

धन्यवाद दादा. मांजर चिकटतं म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

खापरावरचे_मांडे | १ ऑगस्ट, सकाळी १०:४०

उधनाकर, छान लिहिलंत. धुळेकरांना एकच विचारतो: एल्डन रिंग हा गेम का दिसला नाही काल? एप्रिलमध्ये स्विच २ वर येणार म्हणून गाजावाजा केला होता. काल त्याचं नावही नाही. मला कार्डात काय आहे यापेक्षा ही शांतता जास्त खटकते.

धुळेकर_साक्री_रोड | १ ऑगस्ट, सकाळी ११:०५

काका, मलाही. आणि सिल्कसाँग गेमची वाट बघणारे तर बिचारे दर शोला नवे कपडे घालून बसतात.

उधना_ते_अमळनेर | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

कानबाई झाली, आज सकाळी विसर्जन करून परत उधन्याला. डेमोचा वृत्तांत देतो.

रविवारी रात्री जागरण. पुढच्या खोलीत बायांची गाणी, बाहेर पोरांनी लावलेला स्पीकर, आणि ओसरीत आम्ही सात-आठ चुलतभाऊ एका मशीनभोवती. रोटाचं जेवण नुकतंच झालेलं. कोणाच्या हाताला गंगाफळाच्या भाजीचं तेल, कोणाच्या हाताला खिरीचा चिकटपणा. मी पहिला नियम केला: हात धुतल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. तो अर्धा तास पाळला गेला.

एलियट हातात घेतल्यावर व्हिडिओपेक्षा खूप चांगला वाटतो. तलवार, धनुष्य, साखळीचा विळा अशी हत्यारं बदलत खेळायचं. सोबत एक परी असते, ती उजव्या स्टिकने फिरवायची, लांबची वस्तू आणायला किंवा शत्रूला सतवायला. खेळायला झकास. पण बोलते किती ती! "तिकडे बघ", "हे कर", "सावध राहा." आमच्या मोठ्या काकूंनी मागून दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "ही पोर गप नही बसस का?" मी तिथेच सेटिंग शोधायला लागलो.

एक चुलतभाऊ पबजीशिवाय काही खेळत नाही. त्याने तासभर मशीन सोडलं नाही. डेमो संपला तेव्हा विचारतो, पुढचं कुठे आहे. म्हटलं, २०२६ मध्ये. शिवी दिली त्याने मला, कंपनीला द्यायची ती.

आणि हो, मध्ये दोनदा लाईट गेली. स्पीकर बंद पडला, आम्ही चालूच.

निवांत_नंदुरबार | ४ ऑगस्ट, रात्री ९:४८

काकूंना रिव्ह्यू लिहायला बसवा. कोणता यूट्यूबर इतक्या थोडक्यात सांगेल?

पिंप्राळ्याचा_पोऱ्या | ५ ऑगस्ट, सकाळी ९:००

एपेक्स लेजेंड्स आज आला स्विच २ वर. फुकट आहे. कोणाकडे मशीन असेल तर सांगा कसा चालतो. (माझ्याकडे नाही. बाबांना विचारलं, त्यांनी मार्कशीट मागितली.)

तापीकाठचा | २४ सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतोय. उधनाकर, बसलेले आहात ना? बॉर्डरलँड्स ४ ची स्विच २ ची आवृत्ती पुढे ढकलली. नवी तारीख नाही. ३ ऑक्टोबरला दहा दिवस राहिले असताना!

उधना_ते_अमळनेर | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४१

वाचलं. गिफ्ट कार्ड भरून ठेवलं होतं मी त्यासाठी. आता त्या पैशात ऑक्टोपॅथ घेतो, निदान ती मंडळी तारीख पाळतात.

मी म्हटलं होतं ना, थर्ड पार्टीचं खरं काय ते या गेमवरून कळेल. कळलं. मोठा नवा गेम बाकीच्या मशीनच्या सुमारासच आणायचा म्हटलं की गाडी अजून अडते. वर्षभर जुना घेऊन, निवांत बसून, नीट बसवून आणला तर छान चालतो. आउटलॉज बघा, ४ सप्टेंबरला आला, मागच्या वर्षी सगळ्यांनी नावं ठेवलेला गेम, आणि इथे सगळे चांगलं म्हणताहेत. मी पंधरा दिवस खेळलो. हातातल्या मशीनवर असा प्रकाश, असं पाणी दिसेल असं वाटलं नव्हतं. शिवाय मागाहून आलेल्या दोन्ही कथा त्यातच.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४५

म्हणजे फोडणीची पोळीच बरी!! मी जुलैत बोललो होतो!!

धुळेकर_साक्री_रोड | २४ सप्टेंबर, रात्री ८:०३

आउटलॉजबद्दल एक भर घालतो, माझ्या विरोधात जाणारी असली तरी. तो काढणाऱ्या उबिसॉफ्टच्याच एका तंत्रज्ञाने मध्यंतरी लिहिलं की त्यांचं इंजिन खेळताना सतत डेटा ओढत राहतं आणि कार्डाचा वेग त्याला पुरत नाही, म्हणून की कार्ड केलं. पैशांचा प्रश्न नव्हता असं त्याचं म्हणणं. हे मला पटतं. पण पर्सोनाला काय झालं? तो कुठे एवढा डेटा ओढतो? तिथे पैसेच वाचवलेत, मी लेखी देतो.

खापरावरचे_मांडे | २४ सप्टेंबर, रात्री ८:३०

कंपनी कोणतीही असो, स्वतःच्या खिशाला चाट लावून आपल्याला कार्ड देणार नाही. एन६४ च्या वेळी कॅसेटचा खर्च नको म्हणून हीच मंडळी पळाली होती. तेव्हा सीडी होती पळायला, आता डाउनलोड आहे. निनटेन्डोने या वेळी पळवाट स्वतःच बांधून दिली, म्हणजे कोणी घर सोडून जायला नको. धंदा म्हणून हुशारी आहे. ग्राहक म्हणून मी धुळेकरांच्या बाजूने.

शेवभाजी_तर्री_जास्त | २४ सप्टेंबर, रात्री ८:३२

परवा एफसी येतोय ना? ढकलला तर नाही ना?

तापीकाठचा | २४ सप्टेंबर, रात्री ८:३३

नाही बाबा. झोप.

निवांत_नंदुरबार | २४ सप्टेंबर, रात्री ९:१५

एक आनंदाची बातमी. स्विच २ घेतला! नवीन नाही, सुरतेच्या एका मित्राचा, त्याला लग्नाच्या खर्चाला पैसे पाहिजे होते. डावा जॉय-कॉन आधी तासभर हलवून बघितला, मगच पैसे दिले.

आता उधनाकर, तुमचं आउटलॉजचं कार्ड खेळून झालं असेल तर विकणार का? की तेही कुलूपबंद ठेवलंय?

उधना_ते_अमळनेर | २४ सप्टेंबर, रात्री ९:२२

अभिनंदन भो! विकतो की. संपलाय माझा. पण आधी बघा, मशीनमध्ये जागा मोकळी आहे का आणि घरी नेट कसं आहे. नाहीतर कार्ड हातात आणि गेम ढगात.

दसऱ्याला गावाला येतोय. गाडी नंदुरबारवरूनच जाते, दोन-तीन मिनिटं थांबते. फलाटावर या, गेमचा डबा खिडकीतून देतो.

निवांत_नंदुरबार | २४ सप्टेंबर, रात्री ९:२५

चाली. पैसा आठेच (इथेच) देऊ का यूपीआय करू?

उधना_ते_अमळनेर | २४ सप्टेंबर, रात्री ९:२६

यूपीआय करा. गाडी सुटायच्या आत तुम्ही नोटा मोजत बसाल. गाडीचा डबा नंबर आदल्या दिवशी कळवतो.